मोटर चालू आहे, पण पाणी चढतंय का?

आमच्या आजोळी, मिरजेजवळ, विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर होती आणि ती चालू केली की आजोबा स्टार्टरच्या पेटीवरचा अँपिअरचा काटा एकदा बघायचे आणि मग सरळ जाऊन डिलिव्हरीच्या पाइपवर हात ठेवायचे. पाइप गार पडला आणि आतून थरथर लागली की पाणी चढलं. नाही लागली तर मोटर बंद, फूटव्हॉल्व्ह गळतोय का बघा, पाइपात वरून पाणी ओता, परत चालू करा. मी लहानपणी विचारायचो की आवाज येतोय की मोटरचा, मग हात कशाला लावता, तर म्हणायचे, "मोटार फिरतीय म्हंजी पाणी चढतंय असं नव्हं बाळा."

पुढे बायोमेडिकल शिकलो आणि हार्टच्या आयसीयूत कामाला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे वाक्य आठवलं. कारण पेशंटच्या शेजारी ट्रॉलीवर जो पंप फिरत होता, ज्याच्यावर त्या माणसाचा जीव होता, तो तत्त्वाने तोच विहिरीवरचा पंप. सेंट्रिफ्यूगल पंप. आत चकती गरगर फिरते, मधून रक्त घेते, कडेने बाहेर फेकते. आकार मुठीएवढा, पाण्याच्या जागी रक्त, आणि पाइपवर हात ठेवायच्या जागी एक छोटीशी चिमट्यासारखी क्लिप, ट्यूबवर बसवलेली, तिची वायर मॉनिटरला. मॉनिटरवर दोन आकडे शेजारी शेजारी, आरपीएम 3400, फ्लो 4.2 लिटर मिनिटाला. पहिला आकडा सांगतो मोटर किती फिरतेय, दुसरा सांगतो पाणी किती चढतंय, आणि या लेखात मला त्या दुसऱ्या आकड्याबद्दलच सांगायचंय, म्हणजे तो कुठून येतो, कधी खरा असतो आणि कधी तो मोजलेला नसतोच, नुसता अंदाज असतो.

आधी थोडं मागे जाऊ. हृदय आरामात असताना मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. शरीरात एकूण रक्तच तेवढं, म्हणजे अख्खं रक्त मिनिटाला एक फेरी मारतं. हृदय थांबवून ऑपरेशन करायचं तर हे काम तेवढा वेळ दुसऱ्या कोणीतरी करायला पाहिजे, आणि ते यंत्राने पहिल्यांदा यशस्वीपणे केलं 6 मे 1953 ला, फिलाडेल्फियात, डॉक्टर जॉन गिबन यांच्या हार्ट-लंग मशीनने. 18 वर्षांची मुलगी होती, हृदयाच्या पडद्याला भोक होतं, 26 मिनिटं तिचं सगळं रक्ताभिसरण मशीनवर होतं.

त्या काळच्या मशीनमध्ये पंप असायचा रोलर पंप. हा समजायला सोपा आहे, उसाच्या रसाचा चरक डोळ्यासमोर आणा. मऊ ट्यूब गोलाकार बसवलेली असते, रोलर ती दाबत दाबत पुढे जातो आणि दाबलेल्या जागेपुढचं रक्त पुढे सरकतं. डॉक्टर मायकल डीबेकी यांनी असा पंप रक्त चढवण्यासाठी 1934 मध्येच वापरात आणला होता, हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. रोलर पंपाचं एक बरं असतं, एका फेऱ्यात किती मिली जाणार ते ट्यूबच्या मापावरून ठरलेलं, त्यामुळे फेरे मोजले की फ्लो मिळाला. मोजायचं साधन म्हणजे मापाचं भांडं आणि घड्याळ, एक मिनिट पंप चालवा, किती पडलं बघा, झालं कॅलिब्रेशन.

पण रोलर रक्तपेशींना चेंगरतो, आणि पुढे ट्यूब कुठे दाबली गेली तरी तो ढकलतच राहतो, मग प्रेशर वाढून जोड सुटायची भीती. म्हणून दिवसेंदिवस चालवायच्या कामाला, म्हणजे एक्मोला, सेंट्रिफ्यूगल पंप आला. एक्मो हे नाव कोविडमध्ये घराघरात पोचलं. पेशंटच्या मोठ्या शिरेतून रक्त बाहेर काढायचं, कृत्रिम फुप्फुसातून न्यायचं, ऑक्सिजन भरून परत आत सोडायचं. 1971 मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराला डॉक्टर डोनाल्ड हिल यांनी 24 वर्षांच्या एका अपघातग्रस्त तरुणाला असं 75 तास ठेवलं आणि तो वाचला, मोठ्या माणसाची ती पहिली यशस्वी केस.

आणि सेंट्रिफ्यूगल पंप आला तिथेच आजोबांचा प्रश्न उभा राहिला. या पंपात आरपीएम म्हणजे फ्लो नाही. मागून रक्त कमी आलं तर फ्लो कमी, पुढे दाब वाढला तर फ्लो कमी, ट्यूब पेशंटच्या पायाखाली मुडपली तर फ्लो कमी, आणि या सगळ्यात मोटर 3400 वर तशीच आरामात फिरतेय. एवढंच नाही, आरपीएम फार खाली आणलं आणि पेशंटच्या धमनीतला दाब पंपाच्या दाबापेक्षा वरचढ झाला तर रक्त चक्क उलटं वाहायला लागतं, कारण या पंपात अडवणारं काहीच नाही. चकती पुढच्याच दिशेने फिरतेय आणि रक्त मागे येतंय. हे डोळ्यांनी कळत नाही, ट्यूब लालच दिसते. म्हणून फ्लो मोजायलाच लागतो, दर सेकंदाला, आणि तेही रक्ताला हात न लावता.

हात न लावता का, तर रक्त ही फार मानी वस्तू आहे. परक्या पृष्ठभागाला लागलं की गोठायला लागतं. पाण्याच्या मीटरसारखी चक्री त्यात बसवली तर चक्रीवर गुठळी जमणार, गुठळी सुटून मेंदूत जाणार. 1936 मध्ये अलेक्झांडर कोलिन यांनी चुंबकीय पद्धत काढली होती, चुंबकीय क्षेत्रातून रक्त वाहिलं की थोडा व्होल्टेज तयार होतो तो मोजायचा, ती बरीच वर्षं चालली, पण ट्यूबवर बाहेरून मोजायचं तर तिचा उपयोग नाही, प्लास्टिकमधून तो व्होल्टेज बाहेर येत नाही, म्हणजे रक्ताला लागणारा तुकडा सर्किटमध्ये घालावा लागतो. हे सगळं टाळून मोजायचं तर प्लास्टिकच्या भिंतीतून आरपार जाईल असं काहीतरी पाहिजे आणि ते म्हणजे अल्ट्रासाउंड, सोनोग्राफीवाला आवाज, सेकंदाला दहा लाखांपेक्षा जास्त कंपनं, आपल्या कानाला वीस हजाराच्या वरचं काही ऐकू येत नाही.

अल्ट्रासाउंड म्हटलं की लोकांना लगेच डॉप्लर आठवतं. गाडी शिट्टी मारत जवळ येताना आवाज चढा आणि लांब जाताना उतरलेला, ते डॉप्लर. रक्तात आवाज सोडला की लाल पेशींवर आपटून परत येतो आणि पेशी ज्या वेगाने पळतायत त्याप्रमाणे त्याचा सूर बदलतो. उत्तम पद्धत आहे, इकोमध्ये हीच असते. पण डॉप्लर वेग सांगतो, लिटर सांगत नाही. लिटर काढायला नळीचा व्यास पाहिजे, आवाजाचा कोन पाहिजे, आणि नळीत मधलं रक्त जोरात आणि कडेचं हळू चाललेलं असतं त्याचाही हिशोब पाहिजे. शिवाय सर्किट सुरुवातीला सलाइनने भरलेलं असतं, प्राइम केलेलं, त्यात पेशीच नाहीत तर आवाज आपटणार कशावर?

एक्मोच्या ट्यूबवरची ती क्लिप वेगळ्या युक्तीवर चालते, तिला ट्रान्झिट टाइम म्हणतात, म्हणजे आवाजाला इकडून तिकडे पोचायला लागलेला वेळ. ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते.

कृष्णेच्या घाटावर उभे आहात असं समजा. समोरच्या काठावर जायचंय पण सरळ समोर नाही, थोडं खालच्या अंगाला, तिरकं. नावाडी त्याच ताकदीने वल्हवतोय पण प्रवाह मदत करतोय, लवकर पोचाल. आता त्याच तिरक्या रेषेने परत या, प्रवाह अडवतोय, जास्त वेळ लागेल. जायच्या आणि यायच्या वेळेत जो फरक पडला तो फक्त पाण्याच्या वेगामुळे. नदी थांबलेली असेल तर फरक शून्य. नावेच्या जागी अल्ट्रासाउंड, नदीच्या जागी रक्त, दोन काठांवर दोन क्रिस्टल. पहिला क्रिस्टल आवाज सोडतो दुसरा ऐकतो, मग दुसरा सोडतो पहिला ऐकतो, सेकंदाला शेकडो वेळा. क्रिस्टल म्हणजे तरी काय, तुमच्या गॅसच्या लायटरमध्ये जो तुकडा दाबल्यावर ठिणगी पडते त्याचाच भाऊबंद, दाबला की वीज देतो आणि वीज दिली की थरथरतो. क्युरी बंधूंनी 1880 मध्ये हा गुण शोधला, पिएर आणि त्यांचे थोरले भाऊ जाक.

आता हा फरक किती असतो ते बघा, मी कागदावर करून दाखवतो. एक्मोची मोठ्या माणसाची ट्यूब तीन-अष्टमांश इंची, म्हणजे आतला व्यास साडेनऊ मिलीमीटर. त्यातून मिनिटाला 5 लिटर जायचं तर रक्ताचा वेग सेकंदाला साधारण 1.2 मीटर पडतो, आपण झपझप चालतो तेवढा. रक्तातून आवाज जातो सेकंदाला सुमारे 1570 मीटरने, हवेतल्यापेक्षा साडेचार पट जोरात. क्लिपमधली रेघ 45 अंशात तिरकी धरली तर आवाजाला साडेतेरा मिलीमीटर जायचंय, त्याला लागतात सुमारे 8.6 मायक्रोसेकंद. आणि जाण्यायेण्यातला फरक? 9 नॅनोसेकंद. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. या 9 नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा पावणेतीन मीटरच जातो, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि हा झाला अख्ख्या 5 लिटरचा फरक. पेशंटचा फ्लो 50 मिलीने कमी झाला हे कळायचं असेल तर 0.09 नॅनोसेकंद ओळखायला पाहिजे, तेवढ्यात प्रकाश जेमतेम एक इंच सरकतो. दोन बोटांत मावणारी प्लास्टिकची क्लिप हे मोजते, पेशंटच्या बेडवर, डायपर आणि सलाइनच्या बाटल्यांच्या गर्दीत, दिवसरात्र.

म्हणूनच ही पद्धत सुचली लवकर आणि जमली उशिरा. सिअॅटलमध्ये डीन फ्रँकलिन आणि रॉबर्ट रशमर यांच्या गटाने 1959 मध्येच असा फ्लोमीटर केला होता, पण त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला एवढा बारीक वेळ धरून ठेवणं जड जायचं, शून्य सरकायचं, म्हणजे रक्त थांबलेलं असताना मीटर भलतंच काहीतरी दाखवायचा. 1961 मध्ये त्याच गटाने डॉप्लरवर पेपर काढला आणि बरीच वर्षं जग तिकडेच गेलं.

खरी कोंडी फोडली कॉर्नेल विद्यापीठात कॉर्नेलिस ड्रॉस्ट यांनी, 1978 च्या सुमाराला. त्यांनी ओळखलं की एक नाव सोडू नका, नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सगळी रुंदी व्यापेल अशी शेजारी शेजारी नावांची रांगच सोडा. म्हणजे आवाजाचा झोत एवढा रुंद ठेवा की अख्खी रक्तवाहिनी त्यात न्हाऊन निघेल. मधून जाणारी नाव जोरदार प्रवाहाचा फरक घेऊन येते आणि तिचा रस्ता लांब, कडेची नाव हळू प्रवाहाचा आणि तिचा रस्ता आखूड, सगळ्यांची बेरीज केली की वेग गुणिले क्षेत्रफळ आपोआप हातात येतं, आणि वेग गुणिले क्षेत्रफळ म्हणजेच लिटर. व्यास वेगळा मोजायची गरजच संपली. ट्यूबच्या क्लिपमध्ये असे झोत फुलीसारखे एकमेकांना छेदून सोडतात, म्हणजे क्लिप जरा वाकडी बसली तर एका झोताची चूक दुसरा भरून काढतो. ड्रॉस्ट यांनी 1983 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाला यावर कंपनी काढली, ट्रान्सोनिक, आणि आज ही पद्धत एक्मोवर, हार्ट-लंग मशीनवर, बायपासच्या टेबलावर सगळीकडे आहे. बायपासमध्ये सर्जन ग्राफ्टला, म्हणजे नवीन जोडलेल्या रक्तवाहिनीला, हुकासारखा प्रोब लावून बघतात, मिनिटाला 20 मिलीपेक्षा कमी वाहत असेल तर जोडाचे टाके परत तपासायचे, छाती बंद करायच्या आधी. माझ्या मते पेशंटच्या नातेवाइकांनी हे जरूर विचारावं की ग्राफ्टचा फ्लो मोजला का.

आता एका रात्रीची गोष्ट. एक्मोवर पेशंट होता, साठीचे काका, तिसरा दिवस. रात्री दोनच्या सुमाराला फ्लो 4.2 वरून 3.6 झाला, मग 3.1. आरपीएम तेच, 3400. मी नवीन, मला वाटलं आरपीएम वाढवलं की फ्लो वाढेल, हात नॉबकडे गेला. आमच्या सीनियर परफ्यूजनिस्ट, म्हणजे हे पंप चालवणाऱ्या तज्ज्ञ, मॅडम शांतपणे म्हणाल्या, "थांब, आधी लाइन बघ." पेशंटकडून पंपाकडे येणारी ट्यूब हलत होती, टकटक टकटक, दोरीला झटके दिल्यासारखी. याला चॅटर म्हणतात. शिरेत रक्त कमी पडलंय, पंप ओढतोय आणि शिरेची भिंतच कॅन्युलाच्या, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीच्या, तोंडावर चिकटतेय. विहिरीत पाणी खाली गेलं की मोटर घरघरते तसंच. त्यात मी आरपीएम वाढवलं असतं तर ओढ वाढली असती, शीर आणखी चिकटली असती आणि फ्लो अजून पडला असता. मॅडमनी उलट आरपीएम थोडं कमी करायला सांगितलं, डॉक्टरांना हाक मारली, व्हॉल्यूम दिला, म्हणजे शिरेतून द्रव चढवला, आणि दहा मिनिटांत आकडा 3.8, 4.0 करत वर आला. ट्यूब शांत झाली. त्या रात्री मॉनिटरवर फक्त आरपीएम असतं तर कोणाला काही कळलंच नसतं.

दुसऱ्या एका दिवशी फ्लो एकदम शून्य. अलार्म. सगळे पळत आले. काकांचं प्रेशर ठीक, रंग ठीक, ऑक्सिजन ठीक. मॅडमनी क्लिप उघडली, आतलं जेल सुकून पांढरं पडलं होतं. सोनोग्राफीला पोटावर जेल लावतात ते याचसाठी, आवाज हवेतून प्लास्टिकमध्ये शिरताना जवळपास सगळाच परत फिरतो, केसाएवढी हवेची फट पुरते. नवीन जेल लावलं, क्लिप परत बसवली, खटकन बंद केली, 4.1. याच गुणाचा दुसरीकडे फायदा होतो, रक्तातून हवेचा बुडबुडा गेला की सिग्नल तुटतो, म्हणून याच तत्त्वावर बबल डिटेक्टर चालतो आणि बुडबुडा दिसला तर पंप थांबवायचा हुकूम देतो.

क्लिपवर एक बाण असतो, रक्ताच्या दिशेने. उलटी बसवली तर आकडा उणे येतो, आणि सरळ बसवलेली असताना आकडा उणे आला तर मात्र सगळं सोडून पळायचं, कारण मघाशी सांगितलं तसं रक्त उलटं चाललंय. शिवाय प्रत्येक सेन्सर ठरावीक ट्यूबसाठी, ठरावीक तापमानासाठी जुळवलेला असतो. लहान मुलाची पाव इंची ट्यूब आणि मोठ्याची तीन-अष्टमांश यांची क्लिप वेगळी. ज्यांना वाटतं मशीनने आकडा दिला म्हणजे झालं, त्यांनी एकदा परफ्यूजनिस्टबरोबर एक शिफ्ट उभं राहून बघावं, तो आकडा खरा ठेवायला किती बारीकसारीक गोष्टी माणूस करत असतो. या लोकांची नावं बातमीत कधी येत नाहीत, सर्जनची येतात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

इथपर्यंत झालं शरीराबाहेरच्या पंपाचं. आता शरीराच्या आत.

ज्यांचं हृदय इतकं थकलंय की औषधाने भागत नाही आणि दात्याचं हृदय मिळायला वेळ आहे किंवा मिळणारच नाही, त्यांच्या छातीत एलव्हीएडी नावाचा पंप बसवतात. डाव्या कप्प्यातून रक्त ओढतो आणि महाधमनीत सोडतो. पोटातून एक वायर बाहेर येते, कमरेला कंट्रोलर, खांद्यावरून बॅटऱ्या. माणूस घरी जातो, बाजारात जातो, नातवाला शाळेत सोडतो. हा पंप सतत ढकलतो, धडधड नाही, त्यामुळे बऱ्याच पेशंटची नाडी हाताला लागतच नाही. आपल्याकडे नाडी लागत नाही याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको, आणि इथे तोच माणूस समोर बसून चहा घेत असतो. त्याचं बीपी नेहमीच्या मशीनवर नीट येत नाही, मग दंडाला पट्टा बांधायचा आणि मनगटावर छोटा डॉप्लर प्रोब धरायचा, पट्टा सोडता सोडता ज्या आकड्याला सूं सूं आवाज परत सुरू होतो तो आकडा लिहायचा. इथेही अल्ट्रासाउंडच कामाला येतो.

याही कंट्रोलरच्या स्क्रीनवर फ्लो दिसतो. पण, आणि हे मी जितक्या पेशंटना भेटलो त्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हतं, आज वापरात असलेल्या नेहमीच्या पंपांत तो फ्लो मोजलेला नसतो. तिथे क्लिप नाही, क्रिस्टल नाही. कंट्रोलर बघतो मोटर किती स्पीडला फिरतेय आणि त्यासाठी किती पॉवर खातेय, आणि त्यावरून गणित करून सांगतो की साधारण इतके लिटर जात असतील. रक्त घट्ट की पातळ याने गणित बदलतं म्हणून काही पंपांत हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती त्याचा, आकडा हाताने टाकावा लागतो. म्हणजे पाइपवर हात नाही, अँपिअरचा काटा बघून पाण्याचा अंदाज.

एरवी अंदाज चांगला असतो. जास्त रक्त ढकललं की जास्त पॉवर लागते, कमी ढकललं की कमी, विहिरीच्या मोटरने एअर धरली की अँपिअर पडतो तसंच. गडबड होते ती पंपात गुठळी झाली तर. चकतीला गुठळी चिकटली की ती घासत, अडखळत फिरते, त्याच स्पीडला फिरवायला मोटर जास्त पॉवर खाते. कंट्रोलरला गुठळी दिसत नाही, त्याला दिसते फक्त वाढलेली पॉवर, आणि तो म्हणतो वा, फ्लो वाढला, 5 चा 7 झाला. प्रत्यक्षात पेशंटला रक्त कमी मिळतंय. ज्या क्षणी सगळ्यात जास्त धोका, त्याच क्षणी स्क्रीनवर सगळ्यात छान आकडा. आजोबांनी हे लगेच ओळखलं असतं, पंपात गाळ अडकला की अँपिअर चढतो आणि पाटात पाणी येत नाही.

हे पुस्तकी भय नाही. एका प्रसिद्ध पंपाच्या बाबतीत अमेरिकेतल्या तीन मोठ्या हॉस्पिटलांनी आपले पेशंट एकत्र करून पाहिलं तेव्हा बसवल्यापासून तीन महिन्यांत गुठळी होण्याचं प्रमाण मार्च 2011 च्या आधी 2.2 टक्के होतं ते 2013 च्या जानेवारीपर्यंत 8.4 टक्क्यांवर गेलं होतं. पुढे चुंबकावर तरंगणारी चकती आली, हार्टमेट 3, तिच्यात हे फार कमी झालं, दोन वर्षांच्या तुलनेत जुन्यात 13.9 टक्के आणि नव्यात 1.4. मोठी गोष्ट आहे. पण पंपापासून महाधमनीकडे जाणारी नळी पिळवटणं किंवा बाहेरून दाबली जाणं हे नव्या पंपातही झालेलं आहे, आणि तिथे फ्लो हळूहळू कमी होत जातो.

मग आतच क्लिप का नाही बसवत? बसवली होती. इथे डीबेकी परत येतात. 1984 मध्ये त्यांनी डेव्हिड सॉसिअर नावाच्या नासाच्या इंजिनिअरवर हृदय प्रत्यारोपण केलं आणि त्या माणसाने बरं झाल्यावर नासातल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन डीबेकींच्या टीमबरोबर छोट्या पंपाचं काम सुरू केलं. रॉकेटच्या इंजिनात इंधन कसं वाहतं याचा अभ्यास ज्या सुपरकॉम्प्युटरवर व्हायचा त्याच्यावर रक्त कसं वाहतं ते बघितलं, चकतीच्या पात्यांचा आकार बदलला, रक्तपेशी फुटायचं प्रमाण खाली आणलं. पंप झाला बोटाच्या लांबीचा, पहिल्यांदा बसवला 1998 मध्ये युरोपात. आणि या पंपाच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर अल्ट्रासाउंडचा प्रोब होता, खरा फ्लो मोजणारा, छातीच्या आत. 1934 मध्ये ज्यांनी फेरे मोजून रक्त मोजलं त्यांच्याच नावाच्या पंपाने 64 वर्षांनी आवाजाने रक्त मोजलं, मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण पुढच्या बहुतेक पंपांनी तो प्रोब घेतला नाही आणि कारणं समजण्यासारखी आहेत. आत एक जास्तीची गोष्ट, तिची वायर, वायर तुटू शकते, पोटातून बाहेर येणाऱ्या केबलमध्ये आणखी तारा, शिवाय नळीभोवती शरीराची पेशीजाळी वाढते त्यातून आवाज जायला हवा. जे मोडू शकतं ते आत ठेवू नका हा इम्प्लांटचा जुना नियम आहे आणि तो चुकीचा नाही. तरी मला वाटतं इतक्या लहान आणि कमी विजेवर चालणाऱ्या चिप आता मिळतात की हा निर्णय परत तपासायला हवा. अंदाज आणि मोजमाप शेजारी शेजारी असले की दोघांत फरक पडला त्याच मिनिटाला गुठळीचा संशय येईल. आज तो संशय यायला रक्ताच्या तपासण्या आणि इको लागतात, आणि पेशंट गावाकडे असेल तर त्याला दिवस जातात.

तोवर ज्यांच्या घरी असा पंप घेऊन जगणारं माणूस आहे त्यांच्यासाठी एवढं सांगतो. तुम्हाला रोज वहीत चार आकडे लिहायला सांगितलेले असतात, स्पीड, फ्लो, पीआय (हृदयाच्या ठोक्याबरोबर फ्लो किती वरखाली होतो ते सांगणारा आकडा) आणि पॉवर. बहुतेक जण फ्लोवर बोट ठेवतात, तो वाढला की बरं वाटतं. पॉवरचा रकानाही तितक्याच लक्ष देऊन बघा. स्पीड तोच आहे, आणि पॉवर आणि फ्लो दोन्ही नेहमीपेक्षा चढलेत, तर खूश होऊन वही मिटू नका, त्याच दिवशी तुमच्या एलव्हीएडी कोऑर्डिनेटरला फोन करा. लघवीचा रंगही बघा, चहासारखी किंवा कोकाकोलासारखी गडद झाली असेल तर पंपात रक्तपेशी फुटत असू शकतात, मग उद्याची वाट बघायची नाही. आणि फोनवर सांगताना आजचे आकडे सांगाच पण मागच्या आठवड्याचेही वाचून दाखवा, पलीकडच्या माणसाला ते लागतात.